मागच्या सीटवरचा वारा

भोंग्याचं रुंद तोंड मी छबूच्या पोटावर टेकवलं, बारीक टोकाला कान लावला आणि सवयीने डोळे मिटून घेतले. काही ऐकू आलं नाही.

भोंगा हे आमच्या माळावरच्या बायकांनी ठेवलेलं नाव. आम्ही नर्सा त्याला फिटोस्कोप म्हणतो. असतो एवढासाच, धोतऱ्याच्या फुलासारखा. एका तोंडाला आईचं पोट आणि दुसऱ्या तोंडाला आमचा कान. बाळाचं काळीज त्यातून उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखं टकटकतं. मिरजेला शिकत होते तेव्हापासून मी ते ऐकत आले होते. वॉर्डात कितीही गलका असो, मला ती टकटक गवसायचीच. आमच्या मेट्रन म्हणायच्या, "शालनचा कान म्हणजे मांजरीचा कान." मला त्याचा थोडा ताठाही होता, खोटं कशाला बोलू?

म्हणून मी लगेच घाबरले नाही. भोंगा बेंबीच्या खाली सरकवला. मग थोडा डावीकडे, मग उजवीकडे.

"छबू, जरा कुशीवर हो बघू."

ती झाली. तिची सासू बायजाक्का उंबऱ्याशी बसून सुपात ज्वारी निवडत होती. मी म्हटलं, "आक्का, ते सूप खाली ठेवा जरा. आणि त्या कोंबड्यांना हाकला बाहेर."

"कोंबड्या तर परड्यात हायत वो बाई," ती म्हणाली, पण सूप खाली ठेवलं.

पुन्हा कान लावला. माझ्याच डोक्यातली गुणगुण तेवढी ऐकू येत होती. सकाळपासून मोटारसायकलवर बसून आले होते, त्याची ती. पोट मात्र मुकं होतं.

"बाळ हलतंय का गं?"

"कालपास्नं गप गप हाय," छबू म्हणाली. "सकाळच्या पारी यकदा हललं जणू. का मलाच वाटलं, कुणाला ठावं."

आता मात्र मी घाबरले. छबूचं हे दुसरं. पहिलं आदल्या साली आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं आणि तेव्हाही तिच्यापाशी मीच होते. मेलेलं मूलसुद्धा कळा देऊनच बाहेर काढावं लागतं, हे त्या पोरीला माझ्यासमोर कळलं. या खेपेला ती दर पंधरवड्याला उन्हातान्हाची चालत उपकेंद्रावर यायची. मी भोंगा लावायचे आणि म्हणायचे, "पळतंय बघ, घोड्यासारखं." तेवढं ऐकलं की परत जायची. हे मूल तिच्या हाताला लागलं पाहिजे, असं तिच्याइतकंच मीही मनाशी घेऊन बसले होते.

"बाई, काय झालं? बोलत का न्हाईसा?" छबू म्हणाली.

नर्सने तोंडावर काही दिसू द्यायचं नसतं. पहिल्याच वर्षी शिकवतात ते. पण त्या क्षणी मी शिकलेलं सगळं विसरले असणार, कारण बायजाक्काने माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि हंबरडा फोडला.

"गेलं वो! ह्येबी गेलं!"

"अहो आक्का, मी म्हटलंय का तसं? गप्प बसा आधी. दवाखान्यात नेऊ, डॉक्टरीणबाई बघतील."

छबू रडली नाही. तिने लुगडं पोटावरून नीट खाली ओढलं आणि उठून भिंतीला टेकून बसली. मग माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "ह्येबी?"

 मी बाहेर आले.

बाहेर बाभळीच्या सावलीत आमचे हवालदार, म्हणजे माझे यजमान, बुलेट पुसत होते. तोफखान्यात नोकरी झाली होती त्यांची, आणि सुटून आल्यावर त्यांना दोनच गोष्टींचा लळा: एक ही गाडी आणि दुसरे स्वतःचे कान. त्यांच्या बरोबरचे कितीतरी जण तोफांपायी ठार बहिरे होऊन घरी आले होते. लग्नाकार्यात भेटले की एकमेकांशी भांडल्यासारखे बोलायचे. आमच्यांनी कान शाबूत आणले आणि ते तसेच सरणावर न्यायचे असा जणू पणच केला.

"इंजिनाच्या आवाजानं काय होत न्हाई," असं ते पारावर बसून सगळ्या गावाला समजावायचे. "लोक म्हणतात, बुलेट लई वाजती. वाजू दे. कान खातो त्यो वारा. काटा पन्नासच्या पुढं गेला की कानाशी तोफखाना सुरू. तुमाला वाटतंय, गार वारं लागतंय. आत नसा झिजत्यात."

गाडीवर बसताना ते कानात व्हॅसलीन लावलेले कापसाचे बोळे घालायचे, त्यावर मफलर आणि त्यावर हेल्मेट. त्या काळात आमच्या माळावर हेल्मेट म्हणजे नवल. पोरं ओरडायची, "हवालदार चंद्रावर निघालं!" हे ढिम्म. ऐकूच जायचं नाही ना!

बोळे त्यांनी मलाही दिले होते. पण तेव्हा सासूबाई होत्या. त्यांनी ह्यांच्या हातावर चापट मारली. "कापूस मड्याच्या नाकाकानात घालत्यात रं! सवाष्णीच्या कानात घालतोस?" विषय तिथेच संपला. हेल्मेट माझ्या अंबाड्यावर बसेना, आणि पांढऱ्या साडीतल्या नर्सबाईने ते घातलं असतं तर माझ्या रुग्णांनी पळच काढला असता. मग हवालदारांनी सांगलीला जाऊन गाडीला पुढून एक उंच काच बसवून घेतली. दिव्यापासून त्यांच्या कपाळापर्यंत. "आता वाराच येणार न्हाई. ना मला, ना तुला," म्हणाले. त्या काचेवर ते एवढे खूश होते की ती पुसायला वेगळं फडकं ठेवलं होतं.

त्या दिवशी आम्ही सोलापूरहून येत होतो. त्यांच्या एका दोस्ताच्या मुलीचं लग्न उरकून पहाटे निघालो, आणि सगळा रस्ताभर माळावरचा वारा समोरून. घरी जाऊन दोन घास खाऊ असं त्यांचं म्हणणं. मीच हट्टाने गाडी छबूच्या वाडीकडे वळवायला लावली. तिचे दिवस भरत आले होते, माझा जीव तिच्यात अडकला होता.

"अहो," मी म्हटलं, "दवाखान्याची जीप घेऊन या. छबूला न्यायचंय. ठोके लागत नाहीत."

त्यांचा हात काचेवर थांबला. "लागत न्हाईत म्हणजे?"

"म्हणजे लागत नाहीत!"

"नीट बघितलंस?"

मला असा राग आला! "तोफेचं तुम्ही बघा. हे माझं काम आहे."

त्यांनी फडकं खिशात कोंबलं. हेल्मेट चढवलं, लाथ मारली आणि गेले. धुळीचा लोट खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी होते. आत बायजाक्का देवाला बोल लावत होती. छबूचा नवरा मेंढरं घेऊन कुठल्या कुठे गेलेला. त्याला कळवणार तरी कोण आणि काय?

जीप आली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. छबूला मागच्या बाकावर घेतलं. मी तिच्या डाव्या हाताला बसले, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. समोर बायजाक्का, पदरात तोंड खुपसून. हवालदार बुलेटवर पुढे. वाटेत छबूने दोनतीनदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओठ हललेसे वाटले. देवाचं नाव घेत असेल, असं समजून मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मनात एकच चाललं होतं: परत त्याच खाटेवर, परत त्याच कळा, आणि शेवटी हातात काही नाही. या खेपेला ही पोरगी राहणार नाही. विहीर जवळ करील.

दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टर मुल्ला मॅडम होत्या. वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, मला शालनताई म्हणायच्या. त्यांनी छबूला खाटेवर निजवलं, पोट चाचपलं आणि माझ्याच हातातला भोंगा घेऊन लावला. बायजाक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी मॅडमच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होते. आता त्या डोळे उघडतील आणि मान हलवतील, म्हणून मी मनाची तयारी केली.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त उजव्या हाताचं एक बोट वर केलं आणि ते हवेत हलवू लागल्या. टक टक टक टक. घाईघाईने, एका लयीत.

"शालनताई, हे काय?" त्या म्हणाल्या. "छान आहेत की ठोके!"

 मग बायजाक्का धावत आली ती मॅडमच्या पायांवरच पडली, आणि उठली ती माझ्याकडे वळली.

"आगं ए बया! जित्या लेकराला मेलं म्हनलीस व्हय? लाज न्हाई वाटली?"

मी कधीच मेलं म्हणाले नव्हते. पण तिचं तरी काय चुकलं? माझं तोंडच तसं म्हणालं होतं.

"मॅडम, नाहीत ठोके," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी सगळीकडे लावून बघितलं."

"अहो, हे घ्या, ऐका ना. इथेच धरलाय."

भोंगा त्यांनी जागचा हलू दिला नाही. मी वाकले, कान लावला. एका हाताने त्यांनी तो धरून ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने माझ्या डोळ्यांसमोर ठोके मोजून दाखवत होत्या, आत्ताच ऐकलेल्या लयीत. बोट हलत होतं. माझ्या कानात काही नव्हतं. ती गुणगुण तेवढी, विजेच्या तारेसारखी.

मी वर पाहिलं. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"ताई, तुम्ही नेहमी हाच कान लावता?"

"हो."

"दुसरा लावा बघू."

उजवा कान हाच माझा कान. इतक्या वर्षांत डावा लावायची पाळीच आली नव्हती. कसं वाकायचं तेही समजेना. खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूने जावं लागलं. डावा कान टेकवला आणि दचकून मागेच सरले. उधळलेला घोडा! टकटकटकटक, एवढं मोठ्याने की बाहेरच्या ओट्यावर ऐकू जावं असं वाटलं.

 मी खाटेच्या पायाशी खाली फरशीवर बसले.

"जीपमदी म्हनलं की मी बाईस्नी," वरून छबूचा आवाज आला. "हलतंया, बाई, हलतंया, आसं तीनदा म्हनलं. त्या बोलल्याच न्हाईत. मला वाटलं, नुसतं माझ्या मनाचं हाय, म्हनून गप बसल्यात."

जीपमध्ये ती माझ्या उजव्या अंगाला होती. तिचं तोंड माझ्या कानापासून वीतभरसुद्धा लांब नव्हतं.

मॅडमनी मला स्टुलावर बसवलं आणि टॉर्च लावून कान पाहिला. मळ नाही, पू नाही, पडदा शाबूत. मग एकामागून एक विचारत गेल्या. कान वाजतो का? हो, गाडीवरून उतरलं की वाजतो. किती दिवसांपासून? लक्षात नाही. आणि रक्तदाब कसा घेता? तो तर मी रोज घेत होते. स्टेथोस्कोपच्या नळ्या दोन्ही कानांत असतात. डाव्याने बिचाऱ्याने उजव्याची लाज राखली होती. माणसाचे दोन कान म्हणजे जुनं जोडपं. एक खचला तर दुसरा घरची गोष्ट बाहेर जाऊ देत नाही.

मग मला एकदम बाकीच्या बायका आठवल्या. गेले काही महिने ज्यांच्या पोटावर भोंगा ठेवून मी "पळतंय बघ" म्हणाले होते, त्या सगळ्या. ते मी ऐकत होते, की सवयीने समजून चालले होते?  मी मॅडमना म्हटलं, "मला नोकरीवर ठेवू नका."

"ते नंतर बघू. ताई, सोलापूरहून इथवर गाडीवर आलात? कशा बसता?"

"कशा म्हणजे? एका अंगाला. साडीत आणखी कसं बसणार?"

"म्हणजे तोंड रस्त्याच्या कडेला आणि हा कान पुढे," त्यांनी माझ्या उजव्या कानाला बोट लावलं. "सरळ वाऱ्यात. किती वर्षं?"

तेवढ्यात हवालदार आत आले. बाळ जिवंत असल्याचं बायजाक्काने त्यांना ओट्यावरच सांगितलं होतं. चेहरा खुलला होता. मॅडमनी त्यांना माझ्या कानाचं सांगितलं. ते हसलेच.

"वाऱ्यानं? न्हाई मॅडम, ते शक्य न्हाई. वाऱ्याचं मला शिकवू नगा. म्हणून तर काच बसवलीया. तिच्यापायीच बसवली ना! पुढं मला तर देवळात बसल्यागत वाटतं."

"पुढे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कधी मागे बसून बघितलंय?"

 स्वतःच्या बुलेटवर मागे कोण बसतो? आमच्याकडचा गडी गाडी विकून टाकील, पण तिच्या मागच्या सीटवर बसणार नाही. आणि त्यांना मागे घेऊन पुढे बसणार तरी कोण होतं? मी?

"वारा कुठे लागतो, ताई?"

मी हात वर केला. "काचेला आपटून वर येतो, ह्यांच्या डोक्यावरून उडी मारतो आणि इथे. बुक्क्या मारल्यासारखा." मी उजव्या कानशिलावर तळवा ठेवला. "काच नव्हती तेव्हा ह्यांच्या पाठीचा आडोसा तरी होता."

आमचे हवालदार माझ्याकडे बघत राहिले. "मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही विचारलंत, वारा सुटला ना आता? मी हो म्हटलं."

"पण हो का म्हटलंस?"

"सांगलीला दोन खेपा घातल्या होत्या तुम्ही तिच्यासाठी. आणि वाऱ्यातलं तुम्हाला कळतं असं गावच म्हणतं. मला वाटलं, वारा गेलेलाच असणार, मलाच उगीच लागतोय."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं एरवी मी म्हटलं असतं आणि आम्ही दोघंही हसलो असतो. पण त्यांचा चेहरा बघून माझं तोंड उघडेना. जन्मभर ज्या वाऱ्यापासून लोकांना सावध करत आले, तो त्यांनी स्वतःच्या हाताने वळवून माझ्या कानात सोडला होता.

"एकट्या वाऱ्यानेच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मिरजेला नीट तपासून घ्या. पण कान गेलाय, एवढं नक्की."

"न्हाई!" हवालदार एवढ्या मोठ्याने ओरडले की छबू दचकली. "बहिरी न्हाई ती. घरात हाक मारली की ओ देती."

"डाव्या कानाने देत असतील. बरं, मग मारा हाक." मॅडमनी माझं स्टूल फिरवून मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. माझ्या डाव्या कानात बोट घालून त्या ते चोळू लागल्या. नुसती खरखर, पाचोळ्यात उंदीर शिरल्यासारखी. "ह्यांच्या उजव्या बाजूला उभे राहा. आधी हळू, मग मोठ्याने." हे त्यांनी मला ऐकू यावं म्हणून बोट काढून सांगितलं.

"काय म्हणू?" हवालदारांनी विचारलं.

"घरी काय म्हणता?"

"अगं म्हणतो."

"'अगं'ला कुणीही वळेल. नाव घ्या."

मला त्या धक्क्यातही हसू फुटलं. नाव! आमच्याकडे बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तर आहेच, पण ह्यांचा हट्ट त्याहून वरचा. ह्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात घास भरवताना बायकांनी अडवून धरलं, तर हा बाबा घास खाली ठेवून उठला होता. रेशनच्या दुकानात मी "मंडळी", सासूबाईंसमोर "ती", सैन्यातून आलेल्या पत्रांवर "सौ. यांस". आता डॉक्टरीणबाईपुढे आणि दोन परक्या बायकांपुढे काय करतात, याची मलाच उत्सुकता लागली. खरं सांगते, लाजही वाटली. त्या वयात, त्या वेळेला.

मॅडमचं बोट पुन्हा कानात गेलं. खरखर सुरू झाली. मी भिंतीकडे बघत वाट पाहत राहिले.

बराच वेळ गेला. म्हटलं, अडले असतील. मानी माणूस. डाव्या अंगाला खाटेवर छबू उशीला टेकून बसली होती, डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसत होती. ती माझ्या पाठीमागे बघत होती. बघता बघता तिने तोंडावर हात घेतला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. दुपारभर न रडलेली पोरगी आता कशाला रडते, ते मला कळेना.

"घ्या की हो," मी भिंतीकडे तोंड करूनच म्हटलं. "किती वेळ लाजताय?"

मॅडमनी बोट काढलं. खोलीत आता कसलाच आवाज नव्हता.

"मॅडम, सुरू करायला सांगा ना त्यांना."

 शेवटी बायजाक्काच पुढे आली, मघाशी माझ्यावर खेकसलेली बायजाक्का. तिने माझ्या डाव्या बाजूला येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

"घेतलं गं बाई त्यानं," ती म्हणाली. "चारदा घेतलं. शालन म्हनला. पैल्यांदा कुजबुजला, मागनं वराडलाच की गं."

मी वळून पाहिलं. हवालदार माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, तोंड अजून उघडंच. 

"एकदा इकडून घ्या," मी डाव्या कानाला हात लावून म्हटलं. "एकदाच."

ते वळसा घालून आले. वाकले. त्यांचा श्वास मला ऐकू आला. शब्द आला नाही. माझ्या खांद्यावर कपाळ टेकून ते सगळ्यांदेखत रडू लागले.

छबूला मुलगी झाली. तिला मीच हातावर घेतलं, आणि तोवर मला डाव्या बाजूने वाकायची सवयही झाली होती. नोकरी टिकली. उजव्या कानाचं मिरजेच्या डॉक्टरांनी थोडंफार परत आणलं, म्हणजे ढग गडगडले तर कळावं एवढं. हवालदार पुढे पुष्कळ वर्षं होते. माझ्या कानात रोज स्वतःच्या हाताने बोळे घालायचे, पण नाव काही पुन्हा त्यांच्या तोंडून आलं नाही. मी मागे लागायचे, चिडवायचे, भांडायचेसुद्धा. ते म्हणायचे, "घेतलंय की एकदा."

घेतलं होतं, खरंच. मॅडमनी ऐकलं, बायजाक्काने ऐकलं, छबूने ऐकलं. तिच्या पोटातल्या पोरीनेसुद्धा ऐकलं असेल. ऐकू आलं नाही ते एकट्या मला.